दयेचे दार

वशिला ही गोष्ट आपल्याला जितकी नकोशी, तितकीच अंगवळणी पडलेली आहे. मुलाला शाळेत घालायचे असो, नळाची जोडणी हवी असो की रुग्णालयात खाट, आपण प्रथम विचारतो, "तिथं आपल्या ओळखीचं कोण आहे?" नियम काय आहे हे मागाहून. वशिल्याने आपले काम झाले म्हणजे हायसे वाटते, आणि दुसऱ्याचे झाले म्हणजे जगात न्याय उरला नाही असे वाटते. या बाबतीत आपण सारे एकाच माळेचे मणी आहोत, तेव्हा कोणी कोणाला हसण्यात अर्थ नाही. पण एक प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळीत आला आहे. देवाकडे जातानाही माणसाला वशिला लागतो काय? की तिथले दार आपले आपण ढकलून आत जाता येते?

हा प्रश्न काही मला एकांतात बसून सुचला नाही. भायखळ्याच्या ज्या चाळीत माझे बालपण आणि तारुण्य गेले, तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत तो दर दोन-चार दिवसांनी निघत असे. आमच्या एका अंगाला एक बेने इस्राएल कुटुंब राहत होते. त्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना सारी चाळ मावशी म्हणे. त्या मूळच्या अलिबागेकडच्या; नऊवारी नेसणाऱ्या, खवले नसलेला मासा घरात न आणणाऱ्या, आणि शुक्रवारी दिवेलागणीच्या सुमारास हातातले काम असेल तिथे टाकून देणाऱ्या. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. बाकीच्या यहुदी जगाशी शेकडो वर्षे संबंध राहिला नाही, हिब्रू भाषा विसरली गेली, ग्रंथ हरपले. पण देव एकच आहे अशी ग्वाही देणारी 'शेमा' ही प्रार्थना मात्र त्यांच्या ओठांवरून कधी गेली नाही.

दुसऱ्या अंगाला नगरकडचे एक ख्रिस्ती गृहस्थ राहत. ते निवृत्त शिक्षक, म्हणून त्यांना सारे मास्तर म्हणत. त्यांच्या आजोबांनी अमेरिकन मराठी मिशनच्या काळात धर्मांतर केले होते. मास्तर सायंकाळी खुर्ची बाहेर टाकून बसत, मावशी सूप घेऊन तांदूळ निवडायला बसत, आणि मध्ये उंबऱ्यावर मी.

"आम्हां प्रॉटेस्टंटांना संतांची मध्यस्थी नको, मेणबत्त्या नकोत," मास्तर म्हणत. "देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, तो येशू ख्रिस्त."

"म्हणजे मास्तर, बाकीचे वशिले तुम्ही काढून टाकलेत, पण एक ठेवलातच की!" मावशी सुपातला खडा वेचीत म्हणत.

"बाई, तो वशिला नव्हे. तो दारच आहे."

"दार उघडंच असताना त्याला आणखी दार कशाला?"

मग दोघेही हसत, आणि मास्तरांच्या घरातून चहा येई. त्या वयात मला हा शब्दांचा खेळ वाटे. दोन हजार वर्षे माणसे याच दोन वाक्यांपाशी अडून बसली आहेत, हे मला फार उशिरा कळले.

खरे पाहता यहुद्यांच्या इतिहासात दारही होते आणि पडदाही होता. यरुशलेमच्या मंदिरात अंगणामागून अंगणे होती आणि प्रत्येक अंगणाशी कोणाला तरी थांबावे लागे. अगदी आत, पडद्यापलीकडे परमपवित्रस्थान होते. तिथे वर्षातून एका दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकटा मुख्य याजक जाई. तेव्हा मध्यस्थ म्हणजे काय हे यहुद्यांना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. परंतु त्याच मंदिराचे उद्घाटन करताना शलमोन राजाने जी प्रार्थना केली असे जुन्या करारात सांगितले आहे, तिच्यात त्याने देवाला विनवले आहे की, दूर देशाहून आलेल्या परक्याने या घराकडे तोंड करून काही मागितले तर तेही तू ऐक. म्हणजे पडदा टांगतानाच पडद्याबाहेरच्या माणसाची आठवण ठेवली होती.

आणि हन्नेची गोष्ट तर याहून सुंदर आहे. मूल होत नाही म्हणून सवतीचे टोमणे सोसणारी ही बाई देवालयात येऊन मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. ओठ हालत होते, आवाज निघत नव्हता. दाराच्या खांबाशी एली नावाचा वृद्ध याजक आसनावर बसला होता. त्याला वाटले, ही दारू प्यालेली आहे. त्याने तिला दटावले. तिने नम्रपणे, पण न डगमगता सांगितले की, मी प्यालेली नाही, मी देवापुढे माझे मन मोकळे करीत आहे. पुढे तालमुदकर्त्या पंडितांनी प्रार्थना कशी करावी याचे नियम ठरवले ते त्या याजकावरून नव्हे, तर या बाईवरून. ओठ हालावेत, पण आवाज दुसऱ्याला ऐकू जाऊ नये, हे त्यांनी हन्नेपासून घेतले. दाराशी बसलेल्याला जी ओळखता आली नाही, तीच प्रार्थनेची गुरू ठरली!

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर जाळले. याजक गेला, बळी गेले, पडदा गेला. आता पापाचे क्षालन कसे व्हायचे, हा प्रश्न यहुद्यांपुढे उभा राहिला. योहानान बेन जक्काय या पंडितांचा एक शिष्य मंदिराचे भग्नावशेष पाहून शोक करू लागला, तेव्हा त्यांनी त्याला समजावले की, आपल्याजवळ तितकेच समर्थ असे दुसरे प्रायश्चित्त आहे. ते म्हणजे लोकांवर दया करणे. बळीच्या जागी प्रार्थना आली, पश्चात्ताप आला, दानधर्म आला. यरुशलेमच्या तालमुदात एक दृष्टांत आहे, तो आपल्या वशिल्याच्या जगाला फार जवळचा वाटेल. माणसाचा कोणी धनी असला आणि माणसावर संकट आले, तर तो एकदम धन्यापुढे जाऊ शकत नाही. दाराशी उभा राहतो, चाकराला हाक मारतो, चाकर आत जाऊन वर्दी देतो, आणि मग धनी त्याला आत घेईल किंवा घेणारही नाही. देवाचे तसे नाही. संकटात असलेल्याने मीखाएल किंवा गब्रिएल या देवदूतांना हाक मारू नये, थेट मलाच मारावी, असे तिथे देवाचे म्हणणे आहे. बाराव्या शतकात मैमोनिदीस या तत्त्ववेत्त्याने यहुदी श्रद्धेची तेरा तत्त्वे मांडली. त्यांतील पाचवे हेच की, उपासना एकट्या देवाची, मधल्या कोणाचीही नाही.

मावशींनी यातले एकही पुस्तक वाचलेले नव्हते. पण 'दार उघडंच असताना' हे त्यांचे शब्द या साऱ्याचे सार होते.

आता मास्तरांची बाजू. ती नीट समजून न घेताच आपण पुष्कळदा मोडीत काढतो. आपल्याला वाटते, ख्रिस्ती मनुष्याने देवाच्या कचेरीत एक हेडक्लार्क नेमला आहे. पण ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. येशूने वधस्तंभावर प्राण सोडला त्या क्षणी मंदिराचा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे शुभवर्तमानांत लिहिले आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूलाच शेवटचा मुख्य याजक म्हटले आहे. त्याने स्वतःचेच अर्पण केले, तेव्हा आता प्रत्येकाने धीट होऊन कृपेच्या आसनापाशी जावे, असा उपदेश तिथे आहे. म्हणजे थेट भेट हवी ही ओढ ख्रिस्ती माणसालाही तितकीच आहे. त्याच्या मते येशू हा देवाहून निराळा असा कोणी मधला इसम नव्हेच. माणूस दारापर्यंत येऊ शकत नाही हे पाहून देवच दाराबाहेर आला, अशी ती कल्पना आहे.

आणि मावशींसारख्या माणसाला ती इथेच अगदी अशक्य होऊन बसते. मनुष्यरूपाने देव आला, हे म्हटले की 'शेमा' म्हणणारा यहुदी पुढे एक पाऊलही टाकू शकत नाही. तेव्हा वाद खरा आहे. दिवाळीच्या फराळासारखा सगळ्यांनी थोडा थोडा वाटून घ्यावा असा तो नाही. 'शेवटी सारे धर्म एकच' असे म्हणून आपण हिंदू लोक पुष्कळदा दोघांचीही बोळवण करतो. असे म्हणणे उदारपणाचे दिसते, पण त्यात समोरच्याचे बोलणे पुरते न ऐकण्याची सोय असते. मी एकदा गॅलरीत तसे म्हणून पाहिले, तेव्हा मावशी आणि मास्तर दोघेही प्रथमच एका बाजूला झाले आणि माझ्यावर रागावले.

या वादाचे मूळ मला मोशेच्या एका प्रसंगात दिसते. लोकांनी सोन्याचे वासरू करून पूजले, देव कोपला. तेव्हा मोशे डोंगरावर परत जाऊन म्हणाला की, त्यांना क्षमा कर; नाही तर तुझ्या पुस्तकातून माझेच नाव खोडून टाक. ख्रिस्ती वाचक इथे थांबून म्हणतो, पाहा, लोकांसाठी स्वतःला देऊ करणारा मध्यस्थ! यहुदी वाचक पुढचा श्लोक दाखवतो. देवाने मोशेचे ते देणे घेतले नाही. ज्याने पाप केले त्याचेच नाव मी खोडीन, असे उत्तर दिले. एकाच पानावर, लागून असलेल्या दोन श्लोकांवर दोन धर्म उभे आहेत. एक म्हणतो, कोणीतरी माझ्यासाठी उभे राहिल्यावाचून माझी धडगत नाही. दुसरा म्हणतो, माझ्या जागी दुसऱ्याला उभे करणे देवालाच मान्य नाही.

मास्तर एकदा फार हळू आवाजात बोलले होते ते मी विसरलो नाही. "बाई, ज्याला आपण उभे आहोत असं वाटतं त्याला तुमचा मार्ग सोपा आहे. मी पडलेला माणूस आहे. माझा पश्चात्तापसुद्धा मला खरा वाटत नाही. त्यातही मला माझीच लबाडी दिसते. अशानं कोणत्या तोंडानं आत जावं?"

मावशी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पडलेल्याला उठता येतं मास्तर. उठता येत नसतं तर देवानं 'ऊठ' म्हणून सांगितलंच नसतं."

पुढे वाचन वाढले तसतसे एक नवल माझ्या ध्यानी आले. दोन्ही धर्मांनी आपापल्या सिद्धान्ताला न जुमानता दुसऱ्याचे थोडे सत्य आपल्या घरात सांभाळून ठेवले आहे. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, ती सरळ स्वर्गातल्या बापाला उद्देशून आहे. तिच्यात मध्यस्थाचे नावसुद्धा नाही. नाम पवित्र व्हावे, राज्य यावे, हे तिच्यातले मागणे यहुद्यांच्या 'कद्दिश' या प्रार्थनेच्या इतके जवळचे आहे की कोणताही यहुदी ती न अडखळता म्हणू शकेल. उलट यहुद्यांची उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना 'अमिदा' सुरू होते ती अब्राहाम, इसहाक आणि याकोब या पूर्वजांची नावे घेऊन, त्यांच्या सत्कृत्यांची देवाला आठवण देऊन. मी एकटा आलो नाही, माझे आजे-पणजे पाठीशी आहेत, असेच नव्हे काय ते? तालमुदातल्या एका पंडिताने तर असेही म्हणून ठेवले आहे की, मंदिर पडल्यापासून प्रार्थनेची दारे बंद झाली, अश्रूंची मात्र उघडी राहिली. म्हणजे दार बंद असल्याची जाणीव काही एकट्या मास्तरांची नव्हती.

दोन्ही घरांत आपसांतही हा तंटा आहेच. देवदूतांना उद्देशून 'आमची विनवणी आत न्या' असे म्हणणारे एक जुने यहुदी स्तोत्र आहे. प्रागच्या महाराल या विख्यात धर्मपंडितांनी त्याला आक्षेप घेतला, आणि तरी पुष्कळ ठिकाणी ते गाइले जातेच. ख्रिस्ती लोकांत १५३० च्या आउग्सबुर्गच्या मतपत्रिकेने संतांची आळवणी नाकारली, तर १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने ती उचलून धरली. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हातपाय वाहणारी गर्दी पाहून आमचे मास्तर मान हालवीत. आणि त्याच गर्दीत माझी आई दर वर्षी नारळ-फुले घेऊन जात असे! मावशींच्या घरी नवस फेडायचा असला म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा होई. पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे. अलिबागेजवळ खंडाळे गावी खडकावर एलीयाच्या रथाच्या चाकाची खूण आहे, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा. मी एकदा मावशींना कोंडीत पकडले, "मग हा एलीया कोण? वशिलाच ना?" त्या म्हणाल्या, "छे रे! त्याला आम्ही जेवायला बोलावतो. मागणं मात्र वरच्यापाशी."

मुंबईतले सर्वांत जुने सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. बेने इस्राएल त्याला मशीदच म्हणत. दिवेकर इंग्रजांच्या पलटणीत होते आणि टिपूच्या कैदेत सापडले होते. अशी आख्यायिका आहे की, हे इस्राएलाचे लोक आहेत असे कळताच टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्यांचे प्राण वाचले. त्या सुटकेबद्दल देवाचे आभार म्हणून त्यांनी हे प्रार्थनास्थान उभारले. त्याचे नाव 'शाआर हाराहमीम', म्हणजे दयेचे दार. मध्यस्थ न मानणाऱ्यांचे ते मंदिर एका आईच्या मध्यस्थीतून उभे राहिले, असे ती आख्यायिका सांगते. मी ही गोष्ट मास्तरांना सांगितली तेव्हा त्यांना फार आनंद झाला. मावशी मात्र म्हणाल्या, "टिपूकडे मध्यस्थ लागणारच. तो राजा होता, देव नव्हता."

हे सारे हसतखेळत सांगता येते, कारण आमच्या गॅलरीत कोणाच्याही हाती सत्ता नव्हती. जिथे ती होती तिथे या वादाचे रूप भयंकर झाले. १२६३ मध्ये बार्सेलोना येथे अरागॉनच्या राजासमोर नाहमनिदीस या यहुदी पंडिताला ख्रिस्ती प्रतिपक्षाशी वाद करावा लागला. मसीहा आला की यायचा आहे, हा मुख्य मुद्दा होता. राजाने त्यांना मोकळेपणाने बोलू दिले. तरी पुढे त्या म्हाताऱ्या माणसाला देश सोडून जावे लागलेच. आणि इतके लांब कशाला? आपल्या गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे न्यायालय होते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरच्या त्याच्या १५६३ च्या ग्रंथामुळे प्रसिद्ध आहे. मुंबई बेटाचा पट्टाही काही काळ त्याच्याकडे होता. तो ज्यांना जुलुमाने ख्रिस्ती केले होते अशा यहुदी घराण्यातला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, छुपेपणाने यहुदी धर्म पाळल्याबद्दल गोव्यात जाळण्यात आले. आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली. ज्याने स्वतः क्रूसावर वेदना सोसल्या, त्याच्या नावाने हे झाले! देवाच्या दाराची मालकी माणसाने घेतली की त्या दाराचा नाका होतो, आणि नाक्यावर जकात घेतली जाते. कधी पैशाची, कधी प्राणाची.

याच किनाऱ्यावर पुढे याहून निराळेही घडले, हे सांगणे न्यायाचे होईल. १८२९ मध्ये मुंबईस आलेल्या जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. मिशनऱ्यांच्या शाळांत बेने इस्राएल मुले आपलीच विसरलेली भाषा शिकली, आपलाच जुना करार मराठीत वाचू लागली. त्यांनी ख्रिस्ती व्हावे ही मिशनऱ्यांची इच्छा होती. पण बहुतेक सारे शिकले आणि यहुदीच राहिले. एकाने दिवा दिला, दुसऱ्याने त्या उजेडात आपलेच घर पाहिले.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच मी लिहायला बसलो.

१९७४ च्या पावसाळ्यात आई आजारी पडली. त्याआधी सात महिने मी तिच्याशी बोलत नव्हतो. धाकट्या बहिणीने जातीबाहेर लग्न केले. मी कडाडून विरोध केला, आईने तिला आशीर्वाद दिला. एकाच खोलीत राहून, तिने वाढलेले जेवून, मी सात महिने तिच्याशी अवाक्षर बोललो नाही. त्या दिवसांत मी स्वतःला तत्त्वनिष्ठ समजत असे.

रुग्णालयात डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. रात्री बाहेरच्या बाकावर मी बसलो होतो; मावशी आणि मास्तर दोघेही आले होते. मी मावशींना म्हटले, "तुम्ही देवाला काहीतरी सांगा. मला तोंड नाही."

"सांगीन तर," त्या म्हणाल्या. "शनिवारी मशिदीतही तिचं नाव घ्यायला लावीन. पण तिच्या आईचं नाव हवं. आमच्यात आजाऱ्यासाठी मागताना आईचं नाव लावून मागतात."

मला आजीचे नाव ठाऊक नव्हते. ती माझ्या जन्मापूर्वीच वारली होती आणि घरात तिचा उल्लेख नुसता 'आक्का' असा होई.

"मग जा, विचारून ये."

"तुम्हीच विचारा ना, मावशी."

"मी कशाला? आई तुझी आहे."

मी जागचा हाललो नाही. सात महिने न उघडलेले तोंड कसे उघडावे हे मला खरोखरच समजेना. तेव्हा मास्तर उठले. त्यांनी माझ्या दंडाला धरले आणि म्हणाले, "चला. दारापर्यंत मी येतो."

वॉर्डाच्या दाराशी त्यांनी हात सोडला. मी खाटेशी गेलो. आई जागी होती. मी विचारले, "आई, आक्काचं खरं नाव काय गं?" तिने माझ्याकडे टक लावून पाहिले. मग नाव सांगितले. "कशाला रे?" म्हणाली. मी कारण सांगितले. तिला थोडे हसू आले. "मावशीला म्हणावं, माझी आई फार खमकी होती. तिचं नाव ऐकल्यावर देवसुद्धा नाही म्हणायचा नाही." आणि मग धाप लागत असूनही ती आक्काविषयी बोलत राहिली. मी खाटेच्या कडेला बसलो होतो. क्षमा हा शब्द आमच्या दोघांच्याही तोंडून निघाला नाही.

आई वाचली नाही. त्यानंतर ती एकोणीस दिवस जगली. आणि ते एकोणीस दिवस आम्ही बोलत होतो.

त्या रात्री कोणाचे म्हणणे खरे ठरले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मावशी माझ्या आणि आईच्या मध्ये आल्या नाहीत. त्या आल्या असत्या तर ते सात महिने तसेच राहिले असते. परंतु मास्तरांनी दंड धरला नसता तर मी त्या बाकावरच बसून राहिलो असतो, हेही तितकेच खरे. मावशी म्हणाल्या असत्या, हात मास्तरांचा असेल, पण पाय तुझेच होते. मास्तर म्हणाले असते, पाय तुझे होते, पण ते उचलले कोणी? या दोन उत्तरांत खरोखरच अंतर आहे, आणि ते बुजवण्याचा अधिकार मला नाही.

पण एका गोष्टीत दोघांत मुळीच अंतर नाही, आणि हे मला नंतर पुस्तकांतून कळले. 'मिश्ना' या यहुद्यांच्या प्राचीन ग्रंथात म्हटले आहे की, प्रायश्चित्ताच्या दिवशी देवाविरुद्ध केलेल्या पापांची क्षमा होते. परंतु माणसाने माणसाविरुद्ध केलेल्या पापाची क्षमा त्या दिवसानेही होत नाही, जोपर्यंत तो स्वतः जाऊन दुसऱ्याची समजूत काढत नाही. आणि डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की, वेदीशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे तुला आठवले की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर ते अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. देवाच्या दाराविषयी हे दोन धर्म दोन हजार वर्षे भांडत आले. पण दुखावलेल्या माणसाच्या दाराविषयी त्यांचे एकमत आहे. तिथे याजक चालत नाही, संत चालत नाही, वशिला चालत नाही. तिथे आपले आपणच जायचे असते. इतकेच नव्हे, तर ते दार चुकवून पुढच्या मोठ्या दाराशी जाता येत नाही.

मावशींचे कुटुंब पुढे इस्राएलला गेले. त्या तिकडेच वारल्या. मास्तर त्यांच्याआधीच गेले होते. माझे वय आता असे झाले आहे की, त्या दोघांपैकी कोण बरोबर होते हे मला लवकरच कळेल, किंवा कधीच कळणार नाही.

आई गेली त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती. भाऊबीजेच्या दिवशी दुपारी मी दादरला बहिणीच्या घरी गेलो. तिच्या लग्नानंतर प्रथमच. सोबत कोणी नव्हते, कोणाला बरोबर ये म्हणून सांगितलेही नव्हते. जिन्यात दोनदा थांबलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो, ते सारे विसरलो. वर पोचलो तेव्हा तिचे दार अर्धे उघडे होते, आणि आत पाटाभोवती रांगोळी काढलेली होती. पाट रिकामा होता. मी येईन असे तिला कोणीही सांगितलेले नव्हते.